काजू कारखान्यात काम सारखंच, पगार मात्र बायकांना कमी: कायद्याने काय करता येईल? (मदत हवी आहे)

धागाकर्ती: प्रतवारी

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातल्या एका काजू प्रक्रिया कारखान्यात नोकरी करते. गावाचं आणि कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या तालुक्यात कोण कुठे कामाला जातं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बी उकडायची, कापायची, गर सुकवायचा, मग सोलणी आणि शेवटी प्रतवारी. 240 नंबर म्हणजे एका पौंडात 220 ते 240 गर, 320 म्हणजे 300 ते 320. टेबलावर ओंजळभर गर पसरला की डागी, करपलेला, कीड लागलेला, सालीचा कण राहिलेला दाणा नजरेनेच वेगळा पडायला हवा. ही नजर तयार व्हायला काही वर्षं जातात. 240 च्या डब्यात बारीक दाणा गेला तर व्यापारी अख्खा लॉट परत पाठवतो.

मी बी.कॉम. झाल्यावर प्रतवारीच्या टेबलावर लागले. आता तिथली देखरेख माझ्याकडे आहे. ओलावा मी तपासते, लॉटचं कार्ड मी भरते, पॅकिंगला माल माझ्या सहीने जातो. मला पगार 13,500. गेल्या सीझनच्या तोंडावर एका मुलाला घेतलं. शिक्षण माझ्याएवढंच, काजूचा अनुभव नाही. त्याला प्रतवारी मीच शिकवली. त्याला 18,500 आणि पद 'शिफ्ट इन्चार्ज'. लॉटच्या कार्डावर सही अजूनही माझीच असते.

मी मालकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "त्याच्यावर घर आहे." घर माझ्यावरही आहे. नवरा मासेमारीच्या बोटीवर जातो, 1 जून ते 31 जुलै बंदी असते तेव्हा माझ्याच पगारावर चूल पेटते. दुसरं कारण दिलं ते रात्रपाळीचं. सीझनला रात्रीही काम चालतं, बाईमाणसाला कसं थांबवणार, म्हणे. थांबशील का, असं मला एकदाही कुणी विचारलेलं नाही. आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर ऐकवलं, "तुझं नवीन लग्न झालंय, उद्या सहा महिने रजेवर जाशील. तुला इन्चार्ज करून आम्ही काय करू?"

हे फक्त माझ्यापुरतं असतं तर कदाचित गिळलं असतं. पण माझ्याच टेबलावर दोन पुरुष 'ऑपरेटर' म्हणून आहेत आणि बाकीच्या बायका 'हेल्पर' म्हणून. गर तोच, टेबल तेच, वेळ तीच, हजेरी (रोजची मजुरी) मात्र वेगळी. हे कुणाला खटकतही नाही, कारण बागेत आंबे काढायला गेलं तरी गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे लहानपणापासून बघत आलोत. आमच्यातल्या एक वयस्क काकी परवा म्हणाल्या, "तू लिवन दी गो बाय, आमी सगळी सही करतो." कापणीच्या चिकाने त्यांच्या बोटांची सालं गेलेली आहेत. त्यांनी असं म्हटल्यावर मला गप्प बसवेना.

तर विचारायचं हे: 'पद वेगळं' असं म्हणून कमी पगार देणं कायद्यात बसतं का? आधी कुठे जायचं, कामगार खात्यात, कोर्टात की महिला आयोगाकडे? आणि तक्रार केली म्हणून कामावरून काढलं तर काय? वकिलाची फी मला परवडणार नाही.

खाडीकाठ

ताई, मी रत्नागिरीत कामगारांच्या केसेस बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पदाचं नाव हा बचाव होऊ शकत नाही. समान वेतनाचा कायदा 1976 पासून आहे. आता तो वेतन संहिता 2019 मध्ये सामावला गेलाय आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. एकाच मालकाकडे 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' असेल तर बाई-पुरुष म्हणून वेतनात फरक करता येत नाही. तशाच स्वरूपाचं म्हणजे काय, तेही व्याख्येत दिलंय: लागणारं कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आणि कामाची परिस्थिती सारखी. बारीकसारीक फरक असला तरी तो व्यवहारात महत्त्वाचा नसेल तर धरायचा नाही. तुमच्या टेबलावरचे ऑपरेटर आणि हेल्पर यात चपखल बसतात. दोघांना सारखं करण्यासाठी मालकाला पुरुषांची हजेरी कमी करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. हे त्या दोघांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमच्याविरुद्ध त्यांनाच उभं केलं जाईल.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1987 चा निकाल आहे, मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकोस्टा. कंपनीत 'लेडी स्टेनोग्राफर' आणि पुरुष स्टेनोग्राफर अशा वेगळ्या वेतनश्रेण्या होत्या. युनियनशी तसा करार झालाय, असं कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. काम एकच असेल तर करार दाखवून भेदभाव झाकता येत नाही आणि आर्थिक ऐपत नाही हीसुद्धा सबब चालत नाही, असं स्पष्ट सांगितलं. 'त्याच्यावर घर आहे' याला तर त्याहून कमी किंमत आहे.

आता दाद कुठे मागायची ते. पगारातल्या फरकाचा दावा वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे करायचा. त्यासाठी कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात जा. मुदत 3 वर्षं. कितीही कामगारांसाठी मिळून एकच अर्ज चालतो, त्यामुळे काकींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. एकटीचा अर्ज दाबायला सोपा असतो, पंधरा सह्यांचा तसा दाबता येत नाही. युनियन असेल तर तिलाही अर्ज करता येतो. फरकाच्या रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे आणि पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते.

बढतीचा मुद्दा मात्र जास्त अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. जुन्या 1976 च्या कायद्यात 1987 ची दुरुस्ती झाल्यावर बढती, प्रशिक्षण, बदली हे शब्द आले होते. नव्या संहितेत वेतन, भरती आणि नोकरीच्या अटी यांचा उल्लेख आहे, पण बढती हा शब्द नाही. मला स्वतःला ही मागे टाकलेली पायरी वाटते. महाराष्ट्रात 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, त्यात गुणवत्ता डावलून पक्षपात करणं ही अनुचित प्रथा मानलेली आहे. पण तिथे तक्रार घटनेपासून 90 दिवसांत करावी लागते. नव्या संहिता आल्यानंतर तुमच्या बाबतीत कुठला मार्ग धरायचा, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

म्हणून माझा सल्ला असा की पगाराचा दावा पुढे ठेवा. तो भक्कम आहे. शिफ्ट इन्चार्जचं काम प्रत्यक्षात तुम्हीच करता हे त्या दाव्यात सिद्ध झालं, की बढतीचं बोलणं करायला हातात काहीतरी असेल.

सुरंगी

मी मालवणकडे एका हॉटेलात रिसेप्शनला होते. बरोबरच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार. कामगार कार्यालयात अर्ज दिल्यावर साहेबांनी मला आणि मालकाला बोलावून घेतलं. मालकाने तिथे सांगितलं की मुलगा सामानही उचलतो. माझ्याकडे ड्युटी लावल्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज होते, त्यात आम्हा दोघांची कामं एकसारखी लिहिलेली. तेवढ्यावर फरक मिळाला. तक्रार करायच्या आधी कागद गोळा करा, नंतर रजिस्टर हाताला लागत नाही. लॉटच्या कार्डांवर तुमची सही आहे हे सोन्यासारखं आहे.

प्रतवारी

मनापासून आभार. खाडीकाठ, रात्रपाळीचं आणि रजेचं काय? माझ्या पदात 'सुपरवायझर' शब्द आहे म्हणून मी कामगार धरली जात नाही, असं मॅनेजर म्हणतो. लॉटच्या कार्डांचे फोटो काढून ठेवू का?

खाडीकाठ

रात्रपाळी: जुन्या कारखाना कायद्यात संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत बायकांना काम देण्यावर निर्बंध होते. तेव्हाही मासळी खारवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांना सूट देता येत होती, कारण माल नासतो. म्हणजे कारखान्याला गरज पडली की बाईची रात्र चालायची, हे आपल्या किनाऱ्यावर नवीन नाही. आता व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार बाईची संमती असेल तर तिला रात्रीही काम करता येतं. सुरक्षितता, कामाच्या वेळा यांच्या अटी मालकाने पाळायच्या असतात. तुम्हाला न विचारता 'बाई थांबणार नाही' असं त्यांनी ठरवणं यात बसत नाही. थांबायला तयार असाल तर तसं लेखी कळवा, त्यात घरी पोचवायच्या गाडीची मागणीही घाला.

रजा: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर 26 आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. त्या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. हजेरीवरच्या बायकांनाही हे सांगा. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार बायकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली त्यांना प्रसूतीचे लाभ दिले आहेत. पुढे कधीतरी रजा घेईल म्हणून आज डावलायचं, यासाठी कुठल्याही कायद्याचा आधार नाही. मॅनेजरचं ते वाक्य तारीख, वेळ आणि तिथे कोण कोण होतं यासकट आजच वहीत लिहून ठेवा.

सुपरवायझर: पदात काय शब्द आहे त्यापेक्षा मुख्यतः काम काय करता हे बघितलं जातं. औद्योगिक संबंध संहितेत देखरेखीचं काम करणारा माणूस 18,000 पेक्षा जास्त पगार घेत असेल तरच कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. तुम्हाला 13,500 मिळतात. शिवाय वेतन संहितेतला 'कर्मचारी' हा शब्द कामगारापेक्षा व्यापक आहे, त्यात सुपरवायझरही येतो. तेव्हा मॅनेजरचं म्हणणं दोन्हीकडे टिकत नाही.

कागदपत्र

मी एचआरमध्ये आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. 20 किंवा जास्त कामगार असतील तर कारखान्यात तक्रार निवारण समिती असायला हवी आणि त्यात बायकांचं प्रतिनिधित्व कामगारांमधल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी असता कामा नये. समिती आहे का, असं लेखी विचारा. नसेल तर ते उत्तरसुद्धा पुढे उपयोगी पडेल. नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप देणं मालकाला बंधनकारक आहे, तीही मागा. फोटोंबद्दल सांगायचं तर तुमच्या सह्यांची कार्डं, तुमची स्लिप, तुम्हाला आलेले मेसेज एवढंच घ्या. ग्राहकांचे दर, ऑर्डरी यांना हात लावू नका, नाहीतर 'गुपितं चोरली' म्हणून मूळ विषय बाजूला पडेल. आणि कितीही टोचून बोलले तरी रागाच्या भरात राजीनामा लिहून देऊ नका. कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नाही.

सुरंगी

मॅनेजरचं बोलणं कधी अश्लील किंवा लगट करणारं झालं तर तो 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याचा विषय होतो. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. समिती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत 3 महिन्यांची. पगाराची तक्रार मात्र त्या समितीत नेऊ नका, दिवस फुकट जातील.

खाडीकाठ

बरोबर. महिला आयोगाकडेही अर्ज करता येतो आणि त्याने दबाव येतो, पण पगाराच्या फरकाचा वसुली आदेश प्राधिकारीच देईल.

फीची काळजी सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ओरोसला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. फोनवर विचारायचं असेल तर 15100. अर्ज दिल्यानंतर कामावरून काढलं किंवा हजेरी बंद केली तर त्याच दिवशी तिथे कळवा आणि कामावर यायला तयार आहे असं पत्र मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवा. तक्रारीनंतर लगेच काढलं, हे तारखांवरूनच दिसतं.

प्रतवारी

सोमवारी सुट्टी टाकून ओरोसला जाते. काकी आणि आणखी दोघी बरोबर यायला तयार आहेत. अर्ज मराठीत चालेल ना? आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय?

खाडीकाठ

मराठीतच लिहा. प्रत्येकीचं नाव, कधीपासून कामाला, रोज काय काम, किती हजेरी, आणि तेच काम करणाऱ्या पुरुषाला किती, एवढं प्रत्येकीच्या नावापुढे यायला हवं. सही येत नसेल तर अंगठा चालतो. आधी अर्ज त्यांना पूर्ण वाचून दाखवा, वाचून दाखवल्याचं खाली लिहा आणि एका साक्षीदाराची सही घ्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती परत आणा. मसुदा झाला की व्यनि (खासगी निरोप) करा, रविवारी रात्रीपर्यंत बघून देतो.