मदत हवी आहे: रेह पेशींतलं चिप-सेक, पीक नेमकं कुणाचं?

नमस्कार मंडळी. मुलांच्या बी-पेशी ल्युकेमियात साधारण २५ टक्के रुग्णांत १२ आणि २१ या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन ईटीव्ही६-रनएक्स१ हे जोडप्रथिन तयार होतं. ते डीएनएवर कुठे कुठे बसतं याचा नकाशा करायचाय. पेशी रेह (रुग्णापासून लॅबमध्ये वाढवलेल्या, हे जोडप्रथिन असलेल्या ल्युकेमिया पेशी). पद्धत चिप-सेक: अँटिबॉडीने प्रथिन ओढायचं, सोबत आलेला डीएनए वाचायचा; जिथे त्याचा ढीग लागतो ते पीक.

आधी रनएक्स१च्या सी-टोकाची (प्रथिनाच्या शेवटच्या टोकाची) अँटिबॉडी वापरली. पीक भरघोस आलं (शब्द वाचून हसू नका, लॅबमध्ये सगळे हसून झालेत), पण साधं रनएक्स१ही तिलाच चिकटतं. मग या ढिगातलं जोडप्रथिनाचं कुठलं?

म्हणून ईटीव्ही६च्या एन-टोकाची (सुरुवातीच्या टोकाची) अँटिबॉडी घेतली. आता जेमतेम काहीशे पीक, आणि पीकमध्ये पडणाऱ्या रीड्सचं (वाचलेल्या डीएनए तुकड्यांचं) प्रमाण १ टक्क्याच्याही खाली. वर, जोडप्रथिन नसलेल्या दुसऱ्या बी-ल्युकेमिया पेशी कंट्रोल म्हणून घेतल्या, तर तिथेही पीक! प्रथिनं डीएनएला जोडून ठेवायला (क्रॉसलिंक) १ टक्का फॉर्मल्डिहाइड, १० मिनिटं. सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी डीएनए तोडल्यावर) तुकडे २०० ते ५०० बेसचे. इनपुट (अँटिबॉडी न लावलेला डीएनए) वेगळा सिक्वेन्स केलाय. अँटिबॉडी फेकून द्यावी का? की चिप सोडून कट अँड रन (अँटिबॉडी बसते तिथलाच डीएनए कापून वाचायची पद्धत) करावं?

प्रतिसाद १:
थांबा, फेकू नका. तुमचा कंट्रोलच चुकलाय. त्या दुसऱ्या पेशींत साधं ईटीव्ही६ असणारच, अँटिबॉडी तेच ओढून आणतेय. रेहमध्ये मात्र ईटीव्ही६ची दुसरी प्रत गळालेली आहे. म्हणजे एन-टोकाच्या अँटिबॉडीला तिथे जोडप्रथिनाशिवाय दुसरं काही सापडायला नको. अशी सोय सहसा मिळत नाही, ती वापरा.

मोटिफ (पीकमध्ये पुन्हा पुन्हा येणारा डीएनएचा छोटा क्रम) बघितला का? जोडप्रथिनात ईटीव्ही६चा डीएनएला धरणारा भाग उरत नाही, रनएक्स१चा डीएनएला धरणारा रंट डोमेन राहतो. तेव्हा रेहमध्ये टीजीटीजीजीटी (रनएक्सचा मोटिफ) वर यायला हवा. त्याच्या शेजारी जीजीएए (ईटीएस प्रथिनांचा मोटिफ; ईटीव्ही६ त्याच कुटुंबातलं) दिसला तर घाबरू नका, रक्तपेशींच्या एन्हान्सरमध्ये (जनुकांचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या भागांत) हे दोघे शेजारीच नांदतात. पण नुसताच जीजीएए असेल तर अँटिबॉडी भलत्याच ईटीएस प्रथिनाला धरतेय, असा संशय घ्या.

खरा कंट्रोल म्हणजे रेहमध्येच क्रिस्परने जोडप्रथिन बंद करणं. गाइड (क्रिस्परला कापायची जागा दाखवणारा आरएनए) ईटीव्ही६ जनुकाच्या सुरुवातीच्या एक्झॉनवर ठेवा, साध्या रनएक्स१ला धक्का लागणार नाही. त्यानंतरही टिकलेले पीक सरळ यादीतून काढा.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. फक्त नॉकआउटनंतर (जोडप्रथिन बंद केल्यावर) रनएक्स१ची चिप वाचताना जपून. जागा रिकामी झाली की साधं रनएक्स१ तिथे येऊन बसू शकतं, मोटिफ एकच आहे ना. पीक टिकलं म्हणून तिथे आधी जोडप्रथिन नव्हतंच असं म्हणता येणार नाही. कट अँड रनमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट कमी होतो हे खरं, पण अँटिबॉडी खोटी असेल तर तिथेही खोटंच बोलेल.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे! मोटिफ काल रात्रीच चालवला. पहिला रनएक्स, दुसरा ईटीएस. हुश्श. गाइड मागवतेय. तोवर एक शंका: वेस्टर्नमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने पट्टे दाखवणारी चाचणी) याच ईटीव्ही६च्या अँटिबॉडीने रेहमध्ये वरचा एकच पट्टा दिसतोय, पण तो फॉर्मल्डिहाइड न दिलेल्या, ताज्या लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या अर्कावर). फॉर्मल्डिहाइड दिलेल्या पेशींतून आयपी (अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढणं) करून तोच पट्टा दाखवायला हवा का?

प्रतिसाद १:
हवा. क्रॉसलिंकनंतर एपिटोप (अँटिबॉडी जिथे चिकटते तो प्रथिनाचा भाग) झाकला जातो कधीकधी. तुमचं १ टक्क्याखालचं प्रकरण तिथेच अडलेलं असू शकतं. फॉर्मल्डिहाइड ५ मिनिटं देऊनही एकदा बघा.