असुरक्षित बॉसचा जाच: लिंगभेद म्हणायचा की नाही?

रानवारा: आमच्या टीममधल्या एकीने मीटिंगमध्ये मॅनेजरच्या आकड्यांतली चूक दाखवली. त्याने तिला मधेच तोडलं आणि पुढच्या मीटिंगच्या मेलमधून तिचं नाव गायब. तिने एचआरकडे लिंगभेदाची तक्रार केली आहे. माझ्या मते ही निव्वळ खुर्चीची भीती आहे. मी पुरुष, तरी माझ्याशीही तो असाच वागलाय. आरोप चुकीचा ठेवला की तक्रार फेटाळली जाते आणि हा माणूस मोकळा सुटतो.

स्पष्टवक्ती: भीती असेलच. हाती सत्ता आणि मनात 'आपल्याला जमत नाही' ही बोच असली की माणूस आक्रमक होतो, हे फास्ट आणि चेन या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलंय. पण भीतीपोटी केला म्हणून भेदभाव भेदभाव राहत नाही का? तो तुम्हाला काय म्हणाला आणि तिला काय म्हणाला, तेवढं सांगा.

रानवारा: मला म्हणाला, "आकडे नीट तपासत जा." तिला म्हणाला, "जरा गोड बोलायला शिक."

स्पष्टवक्ती: मग आणखी काय हवं? तुमचं काम काढलं, तिचा स्वभाव काढला. भाषातज्ज्ञ कीरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये कामाचे वार्षिक शेरे तपासले. टीका असलेल्या शेऱ्यांपैकी बायकांच्या ९४ पैकी ७१ मध्ये स्वभावावर बोट होतं, पुरुषांच्या ८३ पैकी फक्त २ मध्ये.

तिसरा_मजला: मी स्वतः टीम सांभाळतो. असे आरोप ऐकून मॅनेजर बायकांना स्पष्ट बोलायचंच टाळतात. त्यांना गुळमुळीत शेरे मिळतात आणि बढतीच्या वेळी त्याच मागे पडतात. हे नुकसान कुणी मोजत नाही.

स्पष्टवक्ती: कामातली चूक दाखवली म्हणून कुणी आरोप करत नाही हो. अ‍ॅन हॉपकिन्सचं प्रकरण पाहा. ती प्राइस वॉटरहाऊस या अमेरिकेतल्या हिशेबतपासणी कंपनीत होती. कंपनीत भागीदारी हवी तर चालणं-बोलणं, कपडे अधिक बायकी ठेव, मेकअप कर, असं तिला सांगितलं होतं. तिच्या वागण्याबद्दल इतर तक्रारीही होत्या. तरी १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कारणं मिसळलेली असली तरी लिंगभेदाचा दावा उभा राहतो.

रानवारा: दावा उभा राहील, पण एचआरसमोर तिच्याकडे पुरावा काय? तक्रारीत 'लिंगभेद' हा शब्द पाच वेळा आहे आणि ते "गोड बोल" एकदाही नाही. तारखेसकट ते वाक्य आधी लिहा. शेजारी मला काय म्हणाला तेही लिहा, खाली मी सही करतो.