टाल्क टाकल्यावर पीपीए चालेना, एमएफआय मात्र तोच
फिल्मलाइन_२ : फुगवून काढलेली पॉलिथिन फिल्म, ७५ टक्के ब्युटीन एलएलडी (सरळ साखळीचं पॉलिथिन; एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप, १) आणि २५ टक्के एलडी (फांद्या असलेलं पॉलिथिन). डायची (माल ज्यातून बाहेर पडतो त्या साच्याची) फट १.५ मिमी. पीपीए (माल डायमधून घसरवणारं ॲडिटिव्ह) मास्टरबॅच, म्हणजे ॲडिटिव्ह घट्ट मिसळलेले दाणे, २ टक्के टाकून फिल्म गुळगुळीत येत होती. गिऱ्हाइकाची तक्रार आली की थर एकमेकांना चिकटतात, म्हणून टाल्कचा अँटीब्लॉक ३ टक्के सुरू केला. तासाभरात शार्कस्किन (फिल्मचा पृष्ठभाग खरखरीत), प्रेशरही चढलं. एमएफआय जवळपास तोच आहे. मग बिघडलं काय?

मेल्टप्रेशर : बिघाड मालात नाही, डायच्या भिंतीवर आहे. पीपीए म्हणजे फ्लोरोपॉलिमर, तो पॉलिथिनमध्ये विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म थेंब डायच्या धातूवर थर धरतात आणि माल त्या थरावरून घसरतो. व्हिस्कॉसिटी होती तेवढीच राहते, म्हणून एमएफआयवरून पीपीएची पारख करूच नका. टाल्कचे कण पोलर आणि बारीक, त्यामुळे थेंब धातूपर्यंत पोचण्याआधी त्यांनाच चिकटतात. अँटीब्लॉक सिलिकाचा असता तर बसलेला थर खरवडलाही गेला असता.

जुनाडाय : झिंक स्टिअरेट थोडं टाकून बघा, माल सुटा पळेल.

मेल्टप्रेशर : नको. तेही धातूच्या पृष्ठभागावर जागा अडवतं, पीपीएला आणखी एक वाटेकरी.

कंपाउंडर_के : आधी हिशेब करा. मास्टरबॅचमध्ये ३ टक्के पीपीए असेल तर २ टक्के डोसने ६०० पीपीएम पडतात. टाल्कसोबत ते अपुरे आहेत. डाय साफ करून अँटीब्लॉक बंद ठेवा, ४ टक्के डोस (१२०० पीपीएम) द्या, आरपीएम आणि तापमान हलवू नका. दर १० मिनिटांनी प्रेशर लिहा. ते उतरून स्थिर झालं की थर बसला, याला तासभर सहज लागतो. मग अँटीब्लॉक सुरू करा आणि पीपीए ३ टक्क्यांच्या आसपास आणा. प्रेशर पुन्हा चढू लागलं तर डोस कमी पडतोय. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) असलेला पीपीए मिळाला तर उत्तम: पीईजी आधी टाल्कला चिकटतं, फ्लोरोपॉलिमर डायसाठी उरतो. पीपीए आणि अँटीब्लॉक एकाच मास्टरबॅचमध्ये मात्र घेऊ नका, तिथेच त्यांची गाठ पडते.

फिल्मलाइन_२ : एलडी ३५ टक्के केलं तर?

कंपाउंडर_के : प्रेशर उतरेल. लांब फांद्यांमुळे एलडी शिअरखाली जास्त पातळ होतं, बबलही (फिल्मचा फुगा) स्थिर राहतो. पण डार्ट इम्पॅक्ट (आघात सोसण्याची ताकद) घटेल आणि फिल्म पातळ ओढता येणार नाही. त्यापेक्षा फक्त डाय-लिप (डायचं तोंड) १० अंशांनी गरम करून बघा. माल युरोपला अन्नाच्या पॅकिंगसाठी जात असेल तर फ्लोरिनविरहित पीपीएच्या चाचण्या आत्ताच लावा, ऑगस्ट २०२६ पासून तिथे पीएफएएसवर (फ्लोरिनयुक्त रसायनं, फ्लोरोपॉलिमरही त्यातलाच) मर्यादा आहे.