मदत हवी आहे : काजार काळातल्या एका इराणी घरातलं पत्र (तारीख, सियाक आकडे आणि समासातला मजकूर)

नमस्कार मंडळी,

काजार राजवटीच्या उतरत्या काळात, म्हणजे नासिरुद्दीन शाहच्या अखेरच्या वर्षांपासून १९२५ साली ती गादी गेली तोपर्यंत, इराणी उमराव घराण्यांत जी खाजगी पत्रं लिहिली गेली त्यांवर मराठीत एक दीर्घ लेख लिहितेय. सोबत निवडक पत्रांचा अनुवादही द्यायचा आहे. छापील फारसी मला नीट वाचता येते, हस्तलिखितात मात्र अडलेय. इथे मोडी आणि फारसी कागद वाचणारी जाणती मंडळी आहेत, म्हणून हा धागा.

आपल्याकडे काजारांबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं ते शाह, रशिया-इंग्रजांची ओढाताण, १८९१-९२ चं तंबाखूचं आंदोलन आणि १९०६ ची राज्यघटना यांच्यापाशीच थांबतं. पण या घरांतले पुरुष कधी किरमानला, कधी फार्सला, कधी अझरबैजानला सुभेदारीवर असायचे, बायकामुलं बहुधा तेहरानला. मग गावांचा वसूल, गव्हाचा भाव, सावकाराचा तगादा, मुलींची लग्नं, दरबारात कोणाचं पारडं जड आहे, हे सगळं पत्रांतून चालायचं आणि त्यातला मोठा वाटा बायकांचा असायचा. मलिक ताज खानम, किताब नज्मुस्सल्तना, हिचंच बघा. १८९२ च्या पटकीच्या साथीत नवरा गेला. तो वसुली-हिशेबाच्या खात्यातला बडा अधिकारी. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. (हाच पुढे पंतप्रधान झालेला मोहम्मद मुसद्दिक.) तिने आपला भाऊ अब्दुल हुसेन मीर्झा फर्मानफर्मा याला लिहिलेली पत्रं वाचताना समोर येते ती मालमत्ता आणि राजकारण दोन्ही समजणारी बाई. पुढे तिने तेहरानला स्वतःच्या मिळकतीतून इस्पितळ उभं केलं, नज्मिया, ते आजही आहे. अशा बाईचं नाव मराठी वाचकाला माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘विमेन्स वर्ल्ड्स इन काजार इरान’ या संकेतस्थळावर अशा घरांतली पत्रं, निकाहनामे आणि फोटो कोणालाही फुकट बघता येतात. ज्यांना रस असेल त्यांनी जरूर चाळा.

आता अडचण. माझ्याकडे एका पत्राची प्रत आहे. तेहरानच्या अंदरूनीतून, म्हणजे जनानखान्यातून, आईने सुभेदारीवरच्या मुलाला लिहिलेलं. पत्र कागदाच्या मधोमध सुरू होतं, ओळी डावीकडे वर चढत जातात. खालची जागा संपली की मजकूर उजव्या समासात तिरका वळतो आणि शेवटी कागद उलटा धरून वरच्या कोऱ्या पट्टीत शिरतो. विरामचिन्ह एकही नाही. सही नाही, मागच्या बाजूला शिक्का आहे. मधला मजकूर सफाईदार शिकस्ता, म्हणजे भरभर लिहायच्या फारसी वळणात. समासातलं अक्षर मात्र वेगळं वाटतं, मोठं, सुटं, थोडं थरथरतं. मध्ये दोन गावांचा हिशेब आहे, मुलाची दाढदुखी आणि सुनेचं माहेरी जाऊन बसणं समासात आहे. म्हणजे हिशेब मीर्झाला, म्हणजे कारकुनाला, सांगून लिहवला आणि घरातलं बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, असं म्हणता येईल का?

तारखेत १४ आणि रमजानुल मुबारक एवढं स्वच्छ वाचता येतं, सन लिहिलेलाच नाही. मजकुरात दोन धागे आहेत. यंदा नवरोज (२०-२१ मार्चचं इराणी नववर्ष) रोज्यात आल्यामुळे भेटीला येणाऱ्यांसमोर दिवसा काही ठेवता आलं नाही आणि आता त्या भेटीगाठी आटोपल्या, असं ती लिहिते. शिवाय पारसाल वबेत म्हणजे पटकीत गेलेल्या एका दाईची आठवण आहे. हिशेबाच्या सुरुवातीला लाम-वाव-ये असा एक शब्द आणि त्याला जोडून ‘ईल’ आहे, त्याचा अर्थ लागत नाही.

हिशेबातले आकडे सियाक या जुन्या हिशेबी आकडेलिपीत आहेत. तिथे माझी गती शून्य आहे.

शेवटचा प्रश्न किताबांचा. या पत्रांत माणसांची नावं जवळजवळ येतच नाहीत, नुसते किताब येतात आणि किताब तर घरात फिरत राहतात. नुसरतुद्दौला हा एकच किताब फर्मानफर्माच्या बापाकडे होता, काही काळ फर्मानफर्माकडे आणि नंतर त्याच्या थोरल्या मुलाकडे, १९१९ च्या इंग्रजांबरोबरच्या करारामागे जे तिघे होते त्यांतल्या एकाकडे. त्यातून आजोबा आणि नातू दोघंही फिरोझ मीर्झा! माझ्या पत्रातही असे दोन किताब आहेत. माणसं कशी ओळखायची?

– सायली

जुनाकागद :

सायलीताई, तारखेचं कोडं तुमच्या मजकुरातच सुटलंय. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे नवरोज रमजानात येतो तो सलग तीनेक वर्षं आणि मग पुढची तीस वर्षं येत नाही. तुमच्या काळात ती वर्षं म्हणजे १८९३, १८९४ आणि १८९५ (हिजरी १३१० ते १३१२). त्यानंतर थेट १९२६ मध्ये.

१८९५ मध्ये नवरोज रमजानाच्या शेवटच्या आठवड्यात येतो, म्हणजे १४ तारखेला तो यायचाच होता. १८९४ मध्ये तो १३-१४ रमजानलाच येतो, तेव्हा भेटीगाठी ‘आटोपल्या’ कशा म्हणेल? १८९३ मध्ये रोजे सुरू झाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवरोज. पारसालची पटकी म्हणजे १८९२ ची, तुम्ही वर म्हणताय तीच. तेव्हा पत्र १४ रमजान १३१०, सुमारे १ एप्रिल १८९३ चं. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे.

लाम-वाव-ये म्हणजे ‘लूई’, लूई ईल. इराणी हिशेबखात्यात तुर्की बारा प्राण्यांचं वर्षचक्र चालायचं, वर्ष नवरोजला बदलायचं. लूई ईल हे मगरीचं किंवा ड्रॅगनचं वर्ष, ते मार्च १८९३ ला संपलं आणि ईलान ईल, सापाचं वर्ष, लागलं. म्हणजे बाई सरलेल्या वर्षाचा वसूल कळवतायत. आपल्याकडे शक न देता नुसतं संवत्सराचं नाव टाकतात तसंच हे. पेशवाईतल्या कागदांवर ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याची तारीख असते, ती लावायची सवय असलेल्यांना हे गणित जड जाणार नाही.

समासातलं अक्षर बाईंचं आहे का, हे शुद्धलेखनावरून बघा. मुरलेला मीर्झा ‘खानः’ (घर), ‘नान’ (भाकरी) असंच लिहील. तेहरानच्या बोलीप्रमाणे ‘खूनः’, ‘नून’ असं कानावरून लिहिलेलं सापडलं तर तो हात मीर्झाचा नाही असं मी तरी धरीन. पण एकाच शब्दावर निकाल देऊ नका, चार-पाच तरी मिळायला हवेत.

गोदाकाठ :

माझं काम मराठवाड्यातल्या निजामकालीन महसुली कागदांवर आहे, तिथे सियाक रोज भेटतं. इराणी वळण थोडं वेगळं असतं, पण मूळ एकच : ते अंक नाहीतच, अरबी संख्यावाचक शब्दांची आखडलेली रूपं आहेत. त्यामुळे सुटे अंक शोधू नका, प्रत्येक संख्येचं अख्खं चित्र ओळखायला शिका. आधी एकक लावा. नाणं असेल तर तूमान, १ तूमान म्हणजे १० क्रान आणि १ क्रान म्हणजे २० शाही. धान्य असेल तर खर्वार आणि मण, १०० तबरेझी मणांचा एक खर्वार आणि तबरेझी मण जेमतेम ३ किलोचा. क्रान २० शाहींचा असल्याने शाहीच्या जागी २० किंवा त्याहून मोठं काही लागायला लागलं तर वाचनात चूक आहे.

पत्रासोबत एखादा कर्जरोखा किंवा खरेदीखत आहे का? अशा कागदांत रकमेपुढे तिची निम्मी रक्कमही लिहितात, कोणी आकडा वाढवू नये म्हणून. निम्मी रक्कम शब्दांत मिळाली तर सियाकचं अर्धं काम होतं. आकड्यांचा भाग मोठा करून इथे लावा, बघतो.

सायली :

जुनाकागद, गोदाकाठ, दोघांचे मनापासून आभार. ‘लूई ईल’ बरोबर बसतं, त्याच्या पुढच्याच ओळीत गावांची नावं आहेत. समासात ‘खूनः’ दोनदा आहे आणि मधल्या मजकुरात ‘खानः’, बाकीचे शब्द आज रात्री तपासते. रोखा नाही, पण पाठीमागे शिक्क्याच्या शेजारी एक छोटी रक्कम शब्दांत लिहिलीय, तिचा आणि हिशेबाचा फोटो खाली जोडतेय.

किताबांचं अजून अडलेलंच आहे. वर्ष १८९३ ठरल्यामुळे त्या वर्षी ते दोन किताब कोणाकडे होते एवढंच आता शोधायचंय. नासिरुद्दीन शाहचा प्रकाशनमंत्री इतिमादुस्सल्तना याची रोजनिशी १८९६ पर्यंत चालते आणि तीत दरबारातल्या नेमणुका येतात. मूळ फारसी प्रत पुण्या-मुंबईत कुठल्या ग्रंथालयात बसून बघता येईल, हे कोणाला माहीत असेल तर कृपया कळवा.