जुन्या बुलेटचं ऑइल: पॅकिंगने थांबतं की सिलिकॉनने?

धुरकट:
गेल्या रविवारी माझ्या १९७८ च्या बुलेटचं टायमिंग साइडचं, म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूचं कव्हर उघडलं. आधीच्या मिस्त्रीने पॅकिंगला (जोडात बसणाऱ्या कागदी गॅस्केटला) सुट्टी देऊन ट्यूबमधलं राखाडी सिलिकॉन थापलं होतं. दोन वर्षं बाहेर थेंब नाही, मीही खूश. उघडल्यावर कव्हरच्या आतल्या कडेने सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या अक्षरशः. तळाची जाळी काढली तर तिच्यावर नखाएवढा तुकडा. या कव्हरमध्ये पंप बसतात, ऑइलच्या वाटा त्याच्याच ओतकामातून जातात. असा तुकडा वाटेत अडकला तर बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, कोरडा पडतो, मग थेट क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) काढायची तयारी ठेवा.
माझं स्पष्ट मत आहे, जुन्या इंजिनाच्या ऑइलच्या वाटेवर सिलिकॉन नको. कागदी पॅकिंग आणि सपाट कडा, बस.

पाना_नंबर_दहा:
धुरकटशेठ, दोष सिलिकॉनचा की हाताचा? गेली २२ वर्षं गॅरेज आहे माझं. गिऱ्हाईक गाडी आणतं तेव्हा कव्हरवर तीन मिस्त्र्यांच्या स्क्रूड्रायव्हरच्या खुणा असतात, कारण प्रत्येकाने कव्हर पात्याने उचकटलेलं. त्या खाचेवर तुमचा कागद काय करणार? तिथून गळणारच. मी दोन्ही बाजू थिनरने पुसतो, बोटाने इतका पातळ हात देतो की खालचा धातू दिसावा, दहा मिनिटं थांबतो, मग कव्हर बसवतो आणि रात्रभर गाडी चालू करत नाही. शेवया येतच नाहीत. शेवया येतात त्या ट्यूब पिळून टूथपेस्टसारखी रेघ ओढली की.

धुरकट:
रात्रभर थांबणारे तुम्ही एक. बाकीचे "चहा घेऊन या, गाडी तयार" म्हणतात. आणि खाच पडली असेल तर खाच काढा की! जाड काच घ्या, तिच्यावर ३२० नंबरचा एमरी पेपर चिकटवा, थोडं रॉकेल किंवा डिझेल टाका आणि कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. जोर नको, कव्हरचं वजन पुरे. पाच मिनिटांत कळतं: चकाकलं तिथे उंच, काळं राहिलं तिथे खोल. माझ्या कव्हरला प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवती कडं वर आलेलं होतं, वर्षानुवर्षं आवळून आवळून. गळती तिथूनच होती. ते कडं खाली नेलं, साधं पॅकिंग टाकलं. कोरडं.

येझदी_घोडा:
बुलेटवाल्यांचं भांडण बघायला मजा येते. आमच्याकडे टू-स्ट्रोकला वेगळीच गंमत. चेन आणि क्लचचं ऑइल क्रँकच्या सीलमधून आत ओढलं जातं, म्हणजे गळती जमिनीवर नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर. बाहेरून कितीही सिलिकॉन फासा.
आणि ते ६ मिमीचे स्क्रू. त्यांना ८-१० न्यूटन-मीटर पुरे असतात, आपले लोक मनगटाने आवळतात आणि ॲल्युमिनियमचे आटे हातात येतात. धातू कितीही सपाट करा, आटेच गेले तर पॅकिंग दाबणार कोण?

सर्व्हिस_रोड:
सगळे कव्हरवर तुटून पडलात. कव्हर ढकलतंय कोण, ते बघा ना. ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे पिस्टन प्रत्येक वेळी खाली येताना ३४६ सीसी हवा क्रँककेसमध्ये, क्रँकभोवतीच्या पेटीत, दाबतो. ती जायला ब्रीदर आहे. कुठे त्यात पातळ चकत्या, कुठे बदकाच्या चोचीसारखं रबर. ते कडक झालं किंवा नळीत चिखल बसला की आतला दाब सगळ्यात कमजोर जोड शोधतो. तुम्ही एक जोड बुजवला की तो दुसरीकडून येतो.
शिवाय गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. मग पहिल्या किकनंतर ब्रीदर पिचकारी मारतो आणि मालक म्हणतो "पॅकिंग गेलं". पॅकिंग ठणठणीत असतं हो!

पाना_नंबर_दहा:
ब्रीदरचं मान्य, शंभर टक्के. पण गिऱ्हाईकाला सांगून बघा "तुमचं रबर बदलतो, कव्हर उघडत नाही". तोंड वाकडं करतं. त्याला कव्हरच उघडलेलं बघायचं असतं.
डावीकडच्या चेनकेसचं, म्हणजे इंजिनाची चेन आणि क्लच झाकणाऱ्या कव्हरचं बोला आता, धुरकट. ते कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं, कडेने रबर. तिथे कागद चालेल?

धुरकट:
नाही. तिथे रबरच. आणि नट कमी आवळायचा, कारण गळतंय म्हणून अजून पिळलं की कव्हर मध्ये आत जातं आणि कडा बाहेर उघडते. म्हणजे जितकं आवळाल तितकं गळेल. हे मला स्वतःला कळायला चार वर्षं आणि दोन कव्हरं लागली.

रिटायर्ड_फिटर:
पोरांनो, आधी कुठून गळतं ते तरी शोधा. वारा ऑइल मागे नेतो, डाग पडतो तिसरीकडे. इंजिन रॉकेलने धुवा, कोरडं करा, तोंडाला लावायची पावडर भुरभुरवा, आठ-दहा किलोमीटर फिरून या. पांढऱ्यावर काळी रेघ जिथून सुरू होते, तो जोड. आम्ही पॅकिंग लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं कापायचो. कव्हरवर ठेवून कडेने तेलकट अंगठा दाबत न्यायचा, ठसा उठतो, मग कात्री. हातोडीने ठोकून कापणारे कव्हरची कडच मोडतात. आणि सिलिकॉन, कागद यांच्या मधला रस्ता आहे ना: ते निळं, न सुकणारं हायलोमार, जोडाला लावायची पेस्ट. रोल्स-रॉईसच्या विमान इंजिनांसाठी निघालेलं. कागदाच्या दोन्ही बाजूंना पुसट हात. पुढच्या वेळी कव्हर हाताने सुटतं, पात्याची गरज नाही.

येझदी_घोडा:
काका, तुमच्या वेळी पत्रिकेवर सोनेरी शाई नव्हती, आता ती पुठ्ठ्यावरून उचकटून ऑइलमध्ये तरंगते.

धुरकट:
ब्रीदर काढला. रबर बिस्किटासारखं मोडलं हातात. नवीन टाकून काल २० किलोमीटर गेलो, टायमिंग साइड कोरडी, चेनकेसला अजून एक थेंब. पाना_नंबर_दहा, तिथली कड दोन ठिकाणी काचेला लागतच नाही. काय करू?

पाना_नंबर_दहा:
शनिवारी आणा. जाड काच आहे माझ्याकडे, नवीन रबरही आहे. पण ट्यूब खिशात असणार, आधीच सांगतो.