दाढेची भीती: सिडेशन म्हणजे पूर्ण भूल नव्हे

"पूर्ण भूल घेऊनच दाढ काढा, काही कळतच नाही" असा सल्ला दाढ काढायला घाबरणाऱ्यांना कोणी ना कोणी देतंच. जरा थांबा! सिडेशन (औषधाने आणलेली हलकी गुंगी) आणि पूर्ण भूल या दोन वेगळ्या गोष्टी. सिडेशनमध्ये माणूस पेंगुळलेला असतो, पण "तोंड उघडा" म्हटलं की उघडतो. दुखू नये म्हणून हिरडीत लिग्नोकेनचं, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन तरीही द्यावंच लागतं. फक्त त्या सुईचं फारसं काही वाटेनासं होतं.

सिडेशनसाठी सगळ्यात सुटसुटीत नायट्रस ऑक्साइड, म्हणजे तोच तो लाफिंग गॅस. १८४४ साली अमेरिकेतल्या हॉरेस वेल्स या दंतवैद्याने तो हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. (धाडसच म्हणायचं.) आता तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की डोकं ताळ्यावर येतं. सर्दीने नाक चोंदलं असेल तर मात्र उपयोग नाही.

माझ्या आईला शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं होतं. सगळं उरकल्यावर विचारते, "अहो डॉक्टर, सुरू कधी करणार?" मधलं आठवतच नव्हतं तिला. पण घरी न्यायला कोणीतरी सोबत हवंच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. खूप घोरणाऱ्यांनी, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तसं आधीच सांगावं. दवाखान्यात पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचं यंत्र) आणि ऑक्सिजन आहे का, भूलतज्ज्ञ येणार का, हे विचारायला अजिबात लाजू नका.