मदत हवी आहे : नऊ महिन्यांची लेक घास बाहेर काढते

नमस्कार काकू, ताई,
आम्ही इंदूरला, लोकमान्य नगरात राहतो. लेकीला परवाच नऊ महिने पूर्ण झाले. सहा महिने फक्त अंगावरचं दूध दिलं, मग पेज आणि मुगाचं वरण सुरू केलं. आधी छान खायची. आता चमचा दिसला की ओठ घट्ट मिटते, आणि चुकून घास गेलाच तर जिभेने हळूच बाहेर ढकलते. भुवईला वरण, कानामागे भात, पोटात काहीच नाही!

वजन ठीक आहे, पण हिमोग्लोबिन 9.8 आलं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिलेत. सासूबाई मायेनेच म्हणतात, गाईचं दूध पाज, पोट तरी भरेल. पण वर्षाच्या आत ते पोटभर पाजलं तर लोह आणखी कमी होतं. मधाचं बोटही वर्षापर्यंत नाहीच. मीठ-साखर मी घालत नाही, म्हणून तर ती खात नसेल ना?

सियागंजातून नाचणी आणली (इथे रागी म्हणून मागावी लागते). भिजवून, मोड आणून, वाळवून दळली, तरी खिरीत कोंडा लागतो आणि गुठळ्या होतात. वस्त्रगाळ करायची की नाचणी ओलीच वाटून सत्त्व काढायचं? वरणात लिंबू पिळते, त्याने लोह अंगी लागतं म्हणून. अंड्याचा बलक कुणी कसा सुरू केला? आणि भरवताना हातात काय द्यावं, की ती स्वतः खाईल?

आज सकाळी उकडलेल्या रताळ्याचा तुकडा मात्र तिने स्वतःहून चोखला.